हातोडी, ऐरण, रिकीब आणि शालनताई

माझ्या नणंदबाई, शालनताई, माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. कानाकडे बघून बोलत. मला 'बघायला' आल्या तेव्हा बाकीची मंडळी माझा रंग, माझी उंची आणि माझे कांदेपोहे बघत होती, आणि ताई बाजूला सरकून माझ्या डाव्या कानात डोकावत होत्या. माझी आई घाबरली. तिला वाटलं, कुड्या खऱ्या सोन्याच्या आहेत की नाहीत ते तपासतायत. शेवटी ताईंनी माझी कानाची पाळी दोन बोटांत धरून जराशी ओढली, उजेडाकडे वळवली आणि निकाल जाहीर केला, "कान स्वच्छ आहे. हरकत नाही." माझं लग्न ठरलं ते असं. नवऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल पोहे चांगले झाले होते. त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

ताई एका सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात नोकरीला होत्या. डॉक्टर नव्हेत. कुणाला किती ऐकू येतं याची चाचणी घ्यायचं त्यांचं काम. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा, आपण बाहेर बसून बटणं दाबायची आणि त्याला बजावायचं, "आवाज आला की बोट वर." सगळी नोकरी हे एकच वाक्य बोलण्यात गेल्यामुळे निवृत्त झाल्या तरी ते जिभेवरून उतरलं नाही. आमच्याकडे जेवायला बसल्या की त्या वाढायला घेतात आणि म्हणतात, "आमटी हवी त्याने बोट वर." पाहुणे आधी हसतात. मग आमटी मिळत नाही असं दिसलं की मुकाट्याने बोट वर करतात.

मुलुंडला आमच्याच इमारतीत त्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि आम्ही तिसऱ्या. त्यामुळे दिवसातून तीनचारदा त्या वर येतात, आणि आल्या की घरात वारं शिरतं. सोफ्यावर बसतात. उठतात. खुर्चीवर बसतात, तीही उचलून दुसरीकडे ठेवतात. पंखा कमी करतात. खिडकी लावतात, कारण शेजारची इमारत पाडायचं काम चालू आहे आणि त्या दगड फोडणाऱ्या यंत्राचा सकाळपासून धडधडाट असतो. मिक्सर चालू असला तर तो बंद करतात, मग आत चटणी अर्धी वाटलेली का असेना. आणि हे सगळं करताना बोलणं अखंड चालू. मी काही सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांचा विषय बदललेला असतो. त्या परत गेल्या की मला दमल्यासारखं होतं आणि काम मात्र काहीच झालेलं नसतं.

"कान आहे तो, खुंटी नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मूळ रोख चष्मे, मास्क आणि सुतारांच्या पेन्सिली यांच्यावर होता. पुढे ते कशालाही लागू व्हायला लागलं. वॉचमन कानात स्कूटरची किल्ली घालून खाजवत होता, त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं आणि किल्ली काढून घेतली. स्कूटर सेक्रेटरींची होती. त्यांना संध्याकाळी रिक्षाने जावं लागलं.

मराठी भाषेशी तर त्यांचं जुनं वैर आहे. या भाषेने कानाला जेवढं छळलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या अवयवाला छळलं नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. आपण कान पिळतो, उपटतो, टोचतो, फुंकतो, भरतो, त्यात तेल घालून बसतो आणि वर त्याला खडा लावतो. एकदा सुधीर, म्हणजे माझा नवरा, सहज बोलून गेला की सोसायटीच्या मीटिंगमधलं सगळं तो या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो. ताईंनी हातातला कप खाली ठेवला. सोडशील कसा, मध्ये रस्ताच नाही, असं म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला कानाचा सगळा नकाशा समजावला. बाहेरची नळी पडद्यापाशी संपते. पडद्यापलीकडे तीन हाडं, अख्ख्या शरीरातली सगळ्यात चिमुकली: हातोडी, ऐरण आणि घोडेस्वाराच्या पायाखाली असते तशी रिकीब. आवाजाने पडदा हलला की हातोडी ऐरणीला ढकलते, ऐरण रिकिबीला ढकलते आणि रिकीब आतल्या कानाच्या खिडकीवर टकटक करते. सुधीरने हे सगळं ऐकलं आणि कुठल्या तरी कानाने सोडून दिलं.

ही तीन नावं ताईंनी इमारतीतल्या झाडून सगळ्या पोरांना शिकवली आहेत. आमच्या अमेयला 'शुभंकरोति'च्या आधी हातोडी-ऐरण-रिकीब पाठ झालं. बालवाडीच्या मुलाखतीत बाईंनी त्याला शरीराचे तीन अवयव सांग म्हटलं तर त्याने हेच तीन सांगितले. प्रवेश मिळाला नाही.

आतला कान समजवायला त्यांना दिवाळी लागते. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, पावणेतीन वेढ्यांची. म्हणून आमच्याकडे चकल्या पावणेतीन वेढ्यांच्या पडतात. जास्त झालेला तुकडा ताई मोडून तोंडात टाकतात आणि उरलेली चकली हातात धरून व्याख्यान सुरू करतात. नळीत पाणी असतं. पाण्यात बारीक केस असलेल्या पेशी, वाफ्यातल्या भाताच्या रोपांसारख्या रांगेत उभ्या. रिकिबीने टकटक केलं की पाणी हलतं, पाणी हललं की केस लवतात आणि लवलेला केस मेंदूला निरोप धाडतो. ऐकतो तो मेंदू. कान नुसता पोस्टमन. अर्धवट पत्र आलं तर मेंदू उरलेलं आपल्या मनाने भरून वाचतो. चकलीच्या बाहेरच्या टोकाचे केस बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात आणि मधल्या टोकाचे जाड, खर्जातले.

"आणि आधी झिजतात कुठले?" ताई विचारतात. कुणी बोट वर करत नाही, म्हणून उत्तरही त्याच देतात. "बाहेरचे. दारातलं पायपुसणं आधी झिजतं ना, तसं. येणारा प्रत्येक आवाज त्यांच्यावर पाय देऊन आत जातो. आधी चिमण्या जातात, मग 'स' जातो, 'श' जातो, 'फ' जातो. आणि हे केस गेले की गेले. परत उगवत नाहीत. सुधीरच्या डोक्यासारखे."

यावर सुधीर चकली न खाता उठतो.

त्यांच्या पर्समध्ये रुमाल आणि रिक्षाचे सुटे पैसे यांच्याबरोबर एक लोखंडी नादकाटा असतो. दोन दांड्यांचा, कोपरावर आपटला की गुणगुणतो. मॉलच्या दारात पर्स तपासणाऱ्या मुलाने तो बाहेर काढून हे काय म्हणून विचारलं. झालं. ताईंनी तो आपटला, त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि म्हणाल्या, आवाज आला की बोट वर. त्या मुलाने बोट वर केलं. मग दुसरा कान. मग कानासमोर धरून. तोपर्यंत आमच्यामागे रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि लोकांना वाटत होतं की आज तपासणी कडक आहे. त्या मुलाच्या एका कानात मळ साठला होता, तो काढून घे असं सांगून ताई आत गेल्या. मी ओळख नसल्यासारखी मागून गेले.

गणपतीत मंडळाची पोरं त्यांना 'सायलेन्सर आत्या' म्हणतात. एकदा त्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नाचणाऱ्या पोरांना कापसाचे बोळे वाटायला लागल्या. एकाने लाडाने विचारलं, काय आत्या, झकास आहे ना आवाज? ताई म्हणाल्या, "झकास आहे रे. दहा वर्षांनी हाच प्रश्न परत विचार. मी उत्तर देईन, तुला ऐकू येणार नाही." पोरांनी त्या दिवशी आवाज थोडा कमी केला हे मात्र खरं.

ताईंनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण आत्या व्हायला लग्न लागत नाही, भाऊ असला की पुरतं. आपल्याकडे बारशाला बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' करून नाव सांगते, त्या वेळी मागून बायका तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात, आणि मग ती सगळ्यांना मोठ्याने नाव सांगते. अमेयच्या कानात ताईंनीच कुर्र केलं होतं. आमच्या घराण्यातल्या झाडून सगळ्या पोरांना पहिलं नाव ऐकू गेलं ते ताईंच्या तोंडून. माणसाच्या कानात जाणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचं नाव, आणि ती आपण घालतो, याचा त्यांना फार अभिमान. दुसरा कुठलाही मान त्यांनी कधी मागितला नाही.

तर गेल्या वर्षी अमेयला मुलगा झाला. अमेयला बहीण नाही. म्हणजे नाव कोण ठेवणार हा प्रश्नच नव्हता, निदान मला तरी नव्हता. पण माझ्या विहीणबाईंनी फोनवर गोड आवाजात सुचवलं की अमेयची चुलत बहीण तरुण आहे, दिसायला छान आहे, रील पण सुंदर करते, तर कुर्र तिलाच करू दे का. आत्याबाईंना कशाला वाकायचा त्रास. मी म्हटलं बघू. माझं चुकलं ते एवढंच की हे मी स्पीकरवर बोलत होते आणि सुधीरने ते जसंच्या तसं खाली जाऊन आपल्या बहिणीला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस कुणी सुखाने बसलं नाही. ताई दिवसातून सहासहादा वर यायला लागल्या. कधी पाळण्याची दोरी तपासायला, कधी घुगऱ्यांचे हरभरे कुठून आणणार ते विचारायला. मूळ प्रश्न एकदाही विचारला नाही. नुसत्या या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. शेवटी माझाच धीर सुटला आणि मी म्हटलं, ताई, कुर्र तुम्हीच करणार आहात, आता एका जागी बसा. त्या बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी कुठे काय विचारलं?" आणि जाताना बाळाच्या कपाळावरून हात फिरवून गेल्या.

याच सुमारास त्यांच्यात एक बदल झाला होता. त्या लोकांच्या कानाकडे बघेनाशा झाल्या आणि तोंडाकडे बघायला लागल्या. अगदी टक लावून. मला वाटलं, चला, उतारवयात का होईना, रीतभात आली. तोंडातल्या तोंडात बोलण्यावरून मात्र त्या सगळ्यांना फार बोलायच्या. या पिढीला ओठच हलवायला नकोत, असं म्हणायच्या. आमची सून ऋतुजा खरंच हळू बोलते, त्यामुळे मला ते पटायचं.

या ऋतुजाने नाव गुप्त ठेवलं होतं. नवरा-बायको सोडून कुणाला माहीत नाही, मलासुद्धा नाही. हल्ली तशी पद्धत आहे म्हणे. पाळण्यामागे सोनेरी अक्षरांचा फलक लावायचा, त्यावर कापड टाकायचं, आईने आत्याच्या कानात नाव सांगायचं, आत्याने बाळाच्या कानात, मग मोठ्याने सगळ्यांना, आणि त्याच क्षणी कापड खाली पडायचं. हे कळल्यावर ताई अस्वस्थ झाल्या. आदल्या दिवशी येऊन ऋतुजाला म्हणाल्या, मला नाव कागदावर लिहून दे. ऋतुजा हसली. आत्या, मग सरप्राइज काय राहिलं? ताईंनी दोनदा मागितलं, तिने दोनदा नाही म्हटलं. मला वाटलं, म्हातारपणी नसते हट्ट.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. छत उंच, भिंती कोऱ्या, त्यामुळे एक चमचा पडला तरी चार वेळा वाजतो. त्यात इमारतीतल्या सगळ्या बायका एकदम बोलत होत्या, मुलं फुगे फोडत होती आणि स्पीकरवर पाळणा लागला होता. ताईंनी स्पीकर बंद करायला सांगितला. रीलसाठी मागे संगीत हवंच, असं चुलत बहिणीने सांगितलं. ताई गप्प बसल्या, आणि ताई गप्प बसल्या याचंच मला खरं म्हणजे नवल वाटायला हवं होतं.

ऋतुजा पुढे झाली आणि ताईंच्या कानाशी लागली. ताईंनी मान वळवून तिच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. ऋतुजाने लाडाने त्यांची हनुवटी धरून कान पुन्हा आपल्याकडे केला, कारण ओठ हलताना कॅमेऱ्याला दिसले असते. तिने नाव सांगितलं. ताई म्हणाल्या, काय? तिने परत सांगितलं. ताई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग काहीतरी ठरवल्यासारखी मान हलवली, पाळण्यावर वाकल्या आणि लांबलचक कुर्रर्र केलं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. माझे दोन जरा जोरात पडले असतील. कितीतरी अर्ध्या वाटलेल्या चटण्या होत्या त्यात. ताई उठल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बाळाचं नाव ठेवलंय, आर्थिक."

मग बी विंगमधल्या एक काकू म्हणाल्या, छान आहे, वेगळं आहे. हल्लीची नावं अशीच असतात, आपल्याला अर्थ विचारायची सोय नाही. विहीणबाई माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाल्या, तुमच्या बँकेवरून ठेवलंत का? मी बँकेत होते हे खरं, पण म्हणून नातवाचं नाव कुणी आर्थिक ठेवील का? मी ऋतुजाकडे बघितलं. तिचं तोंड उघडंच होतं. तेवढ्यात चुलत बहिणीने ठरल्याप्रमाणे दोरी ओढली, कापड खाली पडलं आणि मागे सोनेरी अक्षरं चमकली: सार्थक.

मग जे हसू फुटलं त्याला तोड नाही. सुधीर तर खांबाला धरून हसत होता. फलकाकडे पाठ करून उभ्या असलेल्या ताईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि त्याही हसायला लागल्या. पण जरा उशिरा. सगळ्यांच्या मागून. आणि आम्ही हसायचे थांबलो तरी त्या हसतच होत्या, कारण कशाला हसतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून थांबायचं कधी तेही कळलं नाही. मग त्यांनी मागे वळून फलक वाचला. पाणी पिऊन येते, असं म्हणाल्या आणि घुगऱ्या न घेताच घरी गेल्या.

पोराचं म्हणाल तर एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. अख्खी इमारत त्याला आर्थिक म्हणते. वॉचमन विचारतो, आर्थिक कसा आहे? परिस्थिती बरी आहे, असं अमेय सांगतो.

त्या रात्री मी भांडी आवरताना 'सार्थक' मधला 'स' काढून बघितला. काय उरतं ते म्हणून बघितलं. आणि मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. खुर्च्या बदलणं, पंखा, मिक्सर, कुणाला बोलू न देता अखंड बोलणं, तोंडाकडे बघणं, नाव कागदावर लिहून मागणं. दारातलं पायपुसणं झिजलं होतं. मला आधी वाईट वाटलं नाही, राग आला. घरादाराला कानाचं शास्त्र पाजणाऱ्या बाईने आपल्याच माणसांपासून ही गोष्ट लपवावी? मी सुधीरला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज, कशासाठी कोण जाणे, बंद करून टाकला.

ताई वर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. पंखा जोरात फिरत राहिला, खिडकी उघडी राहिली, यंत्र धडधडत राहिलं. चटणी एका दमात वाटून झाली आणि मला काही केल्या चैन पडेना. शेवटी एका दुपारी आमटी-भाताचा डबा घेऊन मीच खाली उतरले. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आजवर दार उघडलं नाही की मला वाटायचं, झोपल्या असतील. आमच्याकडे त्यांची एक किल्ली असते, तिने दार उघडलं आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेले.

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. डावा हात तोंडासमोर, तळवा तोंडाकडे. आणि त्या भिंतीला सांगत होत्या, "स्स... सार्थक. स्स... सार्थक." दर वेळी तळव्याकडे बघत होत्या.

मी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. त्या वळल्या. दचकल्या नाहीत.

"हाताला लागतो गं," त्या म्हणाल्या. "'स' म्हटला की हाताला वारा लागतो. ऐकू नाही आला तरी कळतं, म्हटला की नाही ते."

मी भांडायच्या तयारीने आले होते, ते सगळं विसरले. तरी म्हटलंच, ताई, अर्ध्या मुलुंडला तुम्ही मागे लागून कानाचं मशीन लावायला लावलंत. स्वतःचं सांगायला काय झालं होतं?

ताई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. या वेळी उठल्या नाहीत. त्यांनी मला आप्पांचं सांगितलं. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, माझे सासरे; मी या घरात यायच्या आधीच ते गेले. लालबागच्या गिरणीत विणकर होते. माग चालू असताना शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू यायचं नाही, विणकर एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. ताई शाळेत जायला लागल्या तोवर आप्पांचे कान गेले होते. संध्याकाळी सगळी जेवायला बसायची, गप्पा, हसणं, आणि आप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारायचे, 'काय म्हणतत?'

"आणि आम्ही काय सांगायचो ठाऊक आहे? 'काही नाही, आप्पा.' मीपण तेच सांगायचे. दमलेली असायचे, भूक लागलेली असायची, परत कोण सांगणार? मग आप्पांनी विचारायचंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले."

ताई थांबल्या.

"नोकरी लागल्यावर मी त्यांना मशीन बसवलं. चांगलं बसलं. ऐकू यायला लागलं त्यांना. पण तोवर घरात कुणाला त्यांच्याशी बोलायची सवयच उरली नव्हती. मशीन लावून बसायचे आणि घड्याळ ऐकायचे. मशीन मी लावीन गं, मला अक्कल आहे. मला भीती मशीनची नाही, नीला. मला त्या 'काही नाही'ची भीती वाटते."

मी डब्याचं झाकण उगीच काढून परत लावलं.

तेवढ्यात उघड्या दारात ऋतुजा आली. बाजारातून वर चालली होती, बाळ खांद्यावर झोपलेलं, हातात पिशवी. माझ्याकडे बघून तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात काहीतरी म्हणाली, तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत जिना चढून गेली.

ताईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणाली?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ओठ उघडलेसुद्धा होते. कारण खरंच काही नव्हतं, सांगण्यासारखं त्यात अगदी काही नव्हतं. मी ओठ मिटले. खुर्ची ओढून खिडकीच्या उजेडात त्यांच्या समोर बसले आणि सावकाश म्हटलं, "म्हणाली, घरातला कढीपत्ता संपलाय, आणायला विसरले."

ताईंनी माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकलं.

"मग सांग ना तसं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आहे की." आणि उठून फ्रिज उघडायला गेल्या.